अकरा इंची बैठक

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग कागदावरच बरं का; गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय.

तू बरी असशीलच. नसलीस तरी लिहिणार नाहीस, म्हणून भाच्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मामा, आई ठणठणीत आहे, काल माझ्यावर ओरडली." ऐकलं आणि जीव भांड्यात पडला.

अक्षर जरा मोठं आणि ओळी जरा तिरक्या दिसतील. कागद बिनरेघांचा आहे. शिवाय या वयात माणसाचं सगळंच थोडं पसरतं.

बातमी अशी की आपल्या भिंगरीला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. ती ऑफिसांच्या आतल्या खोल्या नव्यानं मांडून देते, हे तुला मागं सांगितलं होतं. तू "म्हणजे रंगारी का?" असं विचारलंस आणि माझी नात आठवडाभर फुगून बसली. रंगारी नव्हे, ताई. एका जुन्या ऑफिसचा अख्खा मजला तिच्या ताब्यात दिलाय. तिथे आजवर नुसत्या केबिनी होत्या. लाकडी पार्टिशनं, वर धुरकट काच, प्रत्येक केबिनीत एक साहेब आणि प्रत्येक साहेबापुढे एक बंद दार. दिवसाढवळ्या दिवे लावून बसायचे लोक, आणि खिडक्यांपुढे कपाटं. आता त्यांना केबिनी नकोत, भेटायच्या जागा हव्यात. सकाळी दोघं बसतील, दुपारी वीसजण बसतील, आणि कुणी नसेल तेव्हा भिंत बाजूला सरकवून सगळा मजला मोकळा. शिवाय अट अशी की नवं सामान होता होईतो आणायचंच नाही. जे आहे त्यातूनच सगळं उभं करायचं.

म्हणून तिथे काही फोडत नाहीत, उकलतात. हा तिचाच शब्द. शिवण उसवावी तसे स्क्रू काढतात, फळ्या रंधून घेतात, काचा पुसून ठेवतात. साहेबांची दारं आडवी होऊन टेबलं झाली. त्यांना खाली चाकं लावली, चाकांना ब्रेक. माझ्यासमोर एक दार टेबल झालं तेव्हा मला वाटलं, आयुष्यभर उभं राहून लोकांना अडवलं बिचाऱ्यानं, आता जरा आडवं झालं.

मी रोज सकाळी तिच्याबरोबर जातो. का, ते सांगतो, हसू नकोस. मला तिथे कविता म्हणायचं काम आहे.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, हे तुला माहीत आहे. खोली कितीही देखणी केली आणि समोरच्याचं बोलणं कळलं नाही, तर ती भेटायची जागा कसली? भिंगरीकडे आवाज मोजायचं यंत्र आहे, पण ती म्हणाली, "आजोबा, आकडा बरोबर येतो आणि तरी कानाला गोड लागत नाही, असं होतं. मला माणसाचा आवाज हवा. तुम्ही त्या टोकाला उभे राहा आणि बोला."

"काय बोलू?"

"तुम्हाला काय, बटण दाबलं की कविता सुरू!"

मग मी आपली नदी आणि पुलाची कविता म्हटली. आठवते ना? पुस्तकं उशिरा यायची, तोवर गुरुजी स्वतःच रचून शिकवायचे. *नदी विचारी पुलाला, "थांबलास का असा?" पूल म्हणे, "तू वाहसी, म्हणून मी हवासा."* पहिल्या दिवशी एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर पडत होतं, नदी कुठे संपली आणि पूल कुठे सुरू झाला कळेना. मग जुन्या चिंध्या दाबून केलेले मऊ तक्ते भिंतींवर चढले. पुन्हा म्हटली. या वेळी शब्द तोंडातून निघाला, खोलीभर फिरला आणि शाळा सुटल्यावर पायरीवर टेकलेल्या पोरासारखा शांत बसला. पलीकडे काम करणारे सुतारमामासुद्धा रंधा थांबवून म्हणाले, "काका, आता ऐकू येतंय. आधी नुसताच गोंगाट होता."

भिंगरीला वाटतं, सरकत्या भिंती हा तिच्या पिढीचा शोध. मी तिला आपली शाळा सांगितली. एकच लांब खोली, दोन वर्ग आणि मध्ये चाकांवरचे दोन फळे. हीच गुरुजींची भिंत. परीक्षा आली की फळे आडवे, स्नेहसंमेलन आलं की भिंतीला टेकवलेले. फळ्याच्या अलीकडे मी, पलीकडे तू, दोन यत्ता पुढे. माझ्या वर्गाच्या कविता तुला माझ्याआधी पाठ व्हायच्या, आणि मी अडलो की फळ्यामागून तू पुढची ओळ कुजबुजायचीस. गुरुजी म्हणायचे, "आज फळा फार बोलतोय." आणि मला मात्र सगळा वर्ग पोपट म्हणायचा. अर्धी पोपटपंची तुझी होती, हे कुणाला ठाऊक?

त्या दिवशी तिसरी ओळ आठवेना. मी बोलता बोलता थांबलो आणि खरं सांगतो, सवयीनं डावीकडे कान दिला. डावीकडे उकललेल्या फळ्यांचा ढीग होता. भिंगरी म्हणाली, "काय झालं आजोबा?" मी म्हटलं, "काही नाही. आवाज तपासतोय."

भाच्याची बदली दूर देशी झाली हे कळलं. तू त्याच्याबरोबर जाणार नाहीस, हेही त्यानंच सांगितलं, आणि तू वृद्धाश्रमाची 'ती' जागा बघायला जाणार आहेस म्हणे. असो. त्याबद्दल मी काय बोलणार? तू ठरवलंस की ठरलं.

तब्येतीची काळजी घे.

तुझा,
पोपट


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार, या वेळी साधाच.

तुझं पत्र मिळालं. भिंगरीनं वाचून दाखवलं. चष्मा दुरुस्तीला टाकलाय. तिसरी ओळ लिहून पाठवलीस ते फार बरं केलंस: *दोन काठ ही दोन घरं, त्यांना माझा भरवसा.* दुसऱ्याच दिवशी जाऊन खोलीच्या मधोमध उभं राहून पूर्ण कविता म्हटली. माझ्या आवाजात तुझी ओळ. खोलीला काही फरक कळला नाही, मला कळला.

आता एक मजा ऐक. निदान मजा म्हणूनच सांगतोय.

भिंगरी एके दिवशी खिडक्यांच्या मापात गुंतली होती. मला कागद देऊन म्हणाली, "आजोबा, सुतारमामांना फोन करून एवढं सांगता? त्यांना आजच लाकूड कापायचंय." कागदावर खिडकीजवळच्या बाकाचं माप होतं. ती आकडे मराठीत काढते, मीच शिकवलेत. मी फोन लावला.

"मामा, भिंगरी म्हणते, खिडकीशी बैठक हवी. लांबी भिंतभर, उंची अकरा इंच."

"अकरा? नक्की?"

"लिहिलंय तिनं."

"मग बुटकी म्हणा ना! गादी टाकून मांडी घालून बसायची बैठक. तसं सांगा की काका, मी उगाच पाय कापत होतो."

"हो, हो, तशीच असेल," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती घरातली बैठक. लोड, तक्के, कुणीतरी पाय दुमडून वाचत बसलंय. किती छान, म्हटलं, ऑफिसातही लोक घरासारखे बसतील!

आठवड्यानं ती आली. भिंतभर लांब, गुळगुळीत आणि पाटापेक्षा जेमतेम उंच. नेमक्या त्याच वेळी ऑफिसच्या मोठ्या बाई काम बघायला आल्या.

"हे काय?"

सुतारमामा अभिमानानं म्हणाले, "बैठक आहे बाई."

"बैठक मला अकरा वाजता आहे. हे काय आहे?"

"बैठकीत बसायचं नाही का मग?"

बाई खमक्या, पण हौशी. म्हणाल्या, बघू तरी. बसल्या. बसताना काही अडचण आली नाही. उठताना आली. भिंगरीनं एक हात धरला, मामांनी दुसरा, आणि बाई मध्येच थांबून म्हणाल्या, "सोडा, मी इथून उठले नाही तर अकराची बैठक इथेच होईल." मी इतका हसलो की आवाज पार दुसऱ्या टोकाला गेला. खोली अगदी उत्तम जमली आहे.

भिंगरी हसली नाही. बाई उभ्या राहिल्यावर ती म्हणाली, "चूक माझी आहे मॅडम. मी माप नीट लिहून दिलं नाही." बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात लोक बसायला येणार आहेत. पुन्हा असं नको." आणि गेल्या.

शब्दच तसा आहे बघ. बैठक म्हणजे मीटिंग, बैठक म्हणजे लोड-तक्के, बैठक म्हणजे माणूस बसतो ती त्याची रीत. एका शब्दाच्या इतक्या खोल्या. मामा एका खोलीत शिरले, बाई दुसऱ्या. यात दोष कुणाचा? भाषेचाच. भिंगरीला मी तसं म्हटलं. ती "हं" म्हणाली.

तर ते जाऊ दे.

तू ती जागा पाहून आलीस. बाग चांगली आहे म्हणतेस, बायका बोलक्या आहेत म्हणतेस, पंधरा मार्चपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणतेस. बागेबद्दल मी काय बोलणार? माझ्याकडे कुंडीसुद्धा नाही.

बाकी इकडे एक गंमत चाललीय. ऑफिसातला छताचा रूळ थोडा उरलाय आणि पार्टिशनच्या काही फळ्याही. भिंगरी म्हणाली, "आजोबा, तुमच्या बाहेरच्या खोलीत सरकती भिंत बसते की! हवं तेव्हा एक खोली, हवं तेव्हा दोन." मी सहज मापं घेऊ दिली. खिडकीची बाजू तशी रिकामीच पडून असते. सकाळी तिथे ऊन येतं, दुपारी हलका वारा. एक पलंग, एक टेबल आरामात मावेल. कुणाला उपयोग झाला तर झाला.

ही गेली तेव्हा तू महिनाभर राहिली होतीस. जाताना म्हणालीस, "दोन खोल्यांत आपण तिघं, त्यातली एक फोटोत, तरी जागा पुरत नाही." ते मला आठवतं. म्हणून म्हटलं, जागा आता सरकते, एवढंच तुला कळवावं. सहज.

तुझा,
पोपट


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,

मागचं पत्र तुला मिळालं असेल. त्यात बरंच खरं होतं, पण सगळं नव्हतं. आता उरलेलं लिहितो. अक्षराकडे बघू नकोस. एक पट्टी आडवी ठेवतो, तिच्या कडेनं बोट चालवत लिहितो. बोट घसरलं की ओळ घसरते. कागदाला रेघा नसल्याचं मी तुला सांगितलं होतं. कागदाला रेघा आहेत.

परवा दुपारी काम थांबलं होतं. सगळे जेवायला गेले होते, नुसते मी आणि भिंगरी. खिडक्यांपुढची कपाटं गेल्यामुळे उन्हाची मोठी पट्टी जमिनीवर पसरली होती, आणि चाकांची टेबलं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून गुरांसारखी विसावली होती. मला शाळेची मधली सुट्टी आठवत होती. तेवढ्यात भिंगरीनं पिशवीतून एक कागद काढला.

"आजोबा, तुमची नदी छापून आणलीय. भिंतीवर लावायचीय. एकदा वाचून बघता? चूक नको राहायला."

मी कागद घेतला. जरा लांब धरला, जरा जवळ धरला, डोळे बारीक केले. वाचणारा माणूस जे जे करतो ते सगळं केलं आणि वाचलं. तुझ्या ओळीसकट, न अडखळता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "छपाई सुबक आहे."

तिनं कागद परत घेतला नाही. फार हळू म्हणाली, "आजोबा, कोरा आहे तो."

ताई, त्या खोलीत आता काही घुमत नाही. तरी ते वाक्य बराच वेळ तिथे होतं.

मग तिनं तो माप लिहिलेला कागद काढला. त्यावर तिनं एकोणीस लिहिलं होतं. एकावर नऊ. माझ्या डोळ्यांना एकावर एक दिसला. नऊची आणि एकची शेपटी सारखीच, फक्त पोटात फरक, आणि पोटच मला दिसत नाही. एकोणीस इंच म्हणजे साधा बाक, माणूस बसतो आणि उठतो. अकरा इंच म्हणजे बाईंची फजिती. बैठक हा शब्द बिचारा मध्ये सापडला म्हणून मी त्याच्यावर ढकललं, आणि तिनं बाईंसमोर सगळं स्वतःवर घेतलं तेव्हा मी तिथे उभा होतो. तिचं पहिलं काम, ताई. आणि मी हसत होतो.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"होऊन गेलं असेल वर्ष," मी म्हटलं. "चष्मा दुरुस्तीला टाकलाय, असं सांगत होतो ना, तो दुरुस्त होणारा चष्मा नाही."

ती रडली. मग मला म्हणाली, "तुम्ही ना, आजोबा, अगदी आत्याआजीसारखे आहात." तुझं कौतुक म्हणून म्हणाली की तक्रार म्हणून, तू ठरव.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, पूर्ण अंधार होणार नाही, पण वाचणं गेलं ते गेलं. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग बसलाय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं आणि कडेचं सगळं राहतं. त्यामुळे मी आता कुणाकडे सरळ बघत नाही. हिच्या फोटोसमोर उभं राहिलं की चौकट दिसते, हार घालायची खुंटी दिसते, चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. मग मी खिडकीकडे बघतो, अगदी दुसरीकडेच लक्ष असल्यासारखं, आणि ती हळूच कडेनं येते. तिला आयुष्यभर तशीच सवय होती, नाही का? मी पुस्तकात असलो की येऊन उभी राहायची.

दुसरं असं की मी जाऊन बाईंना सांगितलं. चूक नातीची नाही, माझ्या डोळ्यांची. त्या म्हणाल्या, "काका, मला वाटत होतं तुम्ही हिचे सल्लागार आहात."

"नाही हो," मी म्हटलं, "मी आवाज आहे."

त्या हसल्या. बाकाला सुतारमामांनी जुन्याच पार्टिशनच्या लाकडाचा आठ इंची पाया दिला. आता बसता येतं, उठता येतं. मामा माझ्यावर अजून चिडलेले आहेत. "काका, पुढच्या वेळी फोन नको, स्वतः या," म्हणाले. मी आलो तरी काय वाचणार, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.

आता जे सांगायचं टाळतोय ते.

मी तुला खिडकी दाखवत होतो, ऊन दाखवत होतो, जणू सगळं तुझ्या सोयीसाठी. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. माझ्या चिरंजीवांना डोळ्यांचं कळलंय. ते म्हणतात, "बाबा, आता एकटं राहणं बंद. आमच्याकडे चला, हॉलमध्ये तुमचा पलंग टाकतो." मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. पण तिथे गेलो की मी हॉलमधला पलंग होईन. पाहुणे आले की सगळे मला ओलांडून बोलतील, आणि मी कुणाकडे बघायचं म्हणून दुसरीकडे बघत राहीन. इथे मला खुर्ची कुठे आहे ते ठाऊक आहे, जिना ठाऊक आहे, सकाळ कुठून येते ते ठाऊक आहे. एवढं एकट्यानं सांभाळता येईल असं मला वाटत होतं. आता वाटत नाही.

तुला कुणाच्या घरात अडगळ व्हायचं नाही. मला कुणाच्या डोक्यावर ओझं व्हायचं नाही. आपल्या घरात हट्ट वाटताना कुणी हात आखडता घेतला नाही, एवढं खरं.

म्हणून मी तुला बोलवत नाही, ताई. बोलवणं म्हणजे जागा देणं. मी मागतोय. तू आलीस तर मला माझ्या दोन खोल्यांत राहता येईल. नाही आलीस तरी मी काही बोलणार नाही. बागेबद्दल वाईट बोलणार नाही. पण मागितलंच नव्हतं, असं व्हायला नको.

भिंत बसली आहे. हलक्या हातानं सरकते.

वाट पाहणारा,
पोपट


२८ फेब्रुवारी

चि. पोपटास,

अनेक आशीर्वाद.

हे भिंगरी वाचून दाखवत असणार. भिंगरे, जसं लिहिलंय तसं वाच, कडू शब्द गाळू नकोस, आणि हा मध्येच कविता म्हणायला लागला तर थांबव.

मूर्खा. वर्षभर! तुझ्या भाच्यानं फोनवर विचारलं तर "मामा मजेत" म्हणून सांगतोस. आणि मी सांगते तेव्हा खोटं बोलते, असंही तूच म्हणतोस. कोऱ्या कागदाचं वाचून मला हसू आलं, मग जे यायचं ते आलं. छपाई सुबक आहे म्हणे!

तुझ्या बागेच्या टोमण्यांना उत्तर देत नाही. बाग खरंच चांगली आहे. पण मी जागा बघायला गेले तेव्हा बाग नव्हते बघत, दार बघत होते. खोली एकटीची, दार चांगलं जाड. पण कडी आतून लागत नाही. नियम आहे, काही झालं तर उघडता यावं म्हणून. बरोबरच आहे त्यांचं.

पोपटा, मी सासरी गेले तिथल्या खोलीचं दार येता-जाता कुणीही उघडायचं. मुलाच्या घरी माझ्या खोलीतून बाल्कनीचा रस्ता आहे. सून कपडे वाळत घालायला जाते, नातवंडं धावतात. वाईट कुणीच नाही. मी कधी कुणाला काही बोलले नाही. पण या वयाला एक गोष्ट लक्षात आली. मी जिथे जिथे राहिले, तिथली कडी माझ्या हातात नव्हती. तुझ्याकडे महिनाभर राहून निघाले ते जागा कमी होती म्हणून नव्हे रे. रात्रंदिवस तुझ्यासमोर असायचे. तू बघत नव्हतास, तरी समोर असायचे.

तुझी भिंत सरकते म्हणतोस. सरकणारी भिंत कुणाच्याही हातानं सरकते. तिला कडी लागते का, ते विचार. लागत असेल तर ती माझ्या बाजूनं लागली पाहिजे. फक्त माझ्या. बाहेरून उघडायची युक्ती ठेवायची नाही, "काही झालं तर" म्हणायचं नाही.

बाकीच्या अटी किरकोळ आहेत. मी तुला सांभाळायला येणार नाही, राहायला येईन. सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवीन, संध्याकाळी कविता, पण कविता रोज नाही. पलंग खिडकीशी हवा. ऊन तू दाखवलंयस, आता मागे घेऊ नकोस.

त्या लोकांना अजून उत्तर दिलेलं नाही.

ताई


६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. अक्षर भिंगरीचं आहे, शब्द माझे. ती म्हणते, मध्ये मध्ये तिला सुचलं तर ती घालणार. मी परवानगी दिली नाही. (दिली आहे. — भिंगरी)

तुझं पत्र तिनं जसंच्या तसं वाचलं. 'मूर्खा' दोनदा वाचलं. ते एकदाच होतं का?

कडीबद्दल सांगतो. सुतारमामांना बोलावलं. ते म्हणाले, "काका, सरकती भिंत सरकायसाठी असते. कडी लावायची तर सरकती कशाला केली?"

भिंगरी म्हणाली, "मामा, आम्ही ऑफिसात एवढ्या भिंती केल्या, सगळ्या उघडण्यासाठी. बंद कुणाला कधी करायची असेल, हे विचारलंच नाही कुणी."

मामांना ते कितपत पटलं कोण जाणे. पण कडी लावली. पितळी, जाडसर, तुझ्या खांद्याच्या उंचीला, म्हणजे वाकायला नको. खाली फरशीतल्या भोकात एक खीळ उतरते, तीही तुझ्याच बाजूनं. बाहेरून युक्ती ठेवलेली नाही. भिंगरीनं बाईंनाही जाऊन सांगितलं, ऑफिसातल्या दोन छोट्या खोल्यांना आतून कड्या हव्यात म्हणून. कुणाला एकटं बसून विचार करायचा असतो, कुणाला रडायचं असतं. बाई हो म्हणाल्या. बघ, तू इथे यायच्या आधीच एका ऑफिसाचा नकाशा बदललास.

काल दुपारी भिंगरी तुझ्या बाजूला गेली आणि आतून कडी घातली. मी इकडून ढकललं. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी, मग खांदा लावून. ज्या भिंतीला करंगळीनं सरकवत होतो ती तसूभर हलली नाही. पलीकडून भिंगरी विचारत होती, "आजोबा, लावताय ना जोर?" लावत होतो. सगळा लावत होतो. इतकं हरून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मग मी तिथेच टेकून उभा राहिलो. कडेनं खिडकीचा उजेड फळ्यांच्या फटीतून येत होता. तुझ्या खोलीतला उजेड. माझा नाही.

पंधरा तारीख तुझी. कडी लागली आहे.

तुझ्या दाराबाहेर उभा,
पोपट